लखलखाटाचा सोस कशाला?

महोदय,

एकेकट्या कलावंताने स्टुडिओत घडवलेली तांब्या-चांदीची भांडी हौसेने जमवायची आणि मग घासूनपुसून लख्ख करून मांडायची, हा प्रकार थांबायला हवा. या भांड्यांमागे मोठी मेहनत असते: सपाट पत्रा हातोडीने ठोकत ठोकत वर उचलून त्याला भांड्याचा आकार देताना तो कडक होतो. तापवून पुन्हा मऊ करावा लागतो, तेही वारंवार. तांब्यावरचा तपकिरी-हिरवा थर तर अनेकदा कलावंताने रसायनांनी मुद्दाम आणलेला असतो. पॉलिश लागले की तो गेलाच! सतत घासण्याने तळाचा कलावंताचा शिक्काही पुसट होतो. हातघडणीची खूण म्हणजे मठाराचे, म्हणजे हातोडीचे, ठोके; यंत्रावरच्या भांड्यांवरही हल्ली ते उमटवतात म्हणा, पण ते बहुधा एकसारखे, ठरावीक अंतराने असतात. प्रदर्शनांत कलावंताच्या नावाखाली घडणीची पद्धत आणि निगा कशी राखावी, हेही लिहावे. तोवर संग्राहकांनी मऊ, कोरडे फडके वापरावे.

– एक वाचक