काका, तो दोरा कापायला लावलात त्याबद्दल

काका,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, हातात कानस देता आणि म्हणता, "आधी तो कडीचा पाय बघ." म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. पहिलाच फिशिंग रॉड स्वतःच्या हातांनी बांधायला बसलेले आणखी कोणी असतील, तर त्यांनाही तुमचं शिकवणं कळावं, हाही हेतू आहेच.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझा पहिला रॉड बिघडलेला होता. ब्लँक, म्हणजे रॉडची मोकळी दांडी, चांगला होता; गळाची दोरी, म्हणजे तंगूस, ज्यांतून ओवतात त्या कड्या चांगल्या होत्या. दोन दिवसांत बांधून तिसऱ्या दिवशी पाण्यावर जायचं, असं मनाशी ठरवलं होतं. आठवडा उलटला तरी कड्या बांधणाऱ्या दोऱ्यावरचा इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या द्रावाचा, लेप बोटाला चिकटत होता. तुम्ही रॉड उजेडात फिरवून पाहिलात, लेपावर नख टेकवलंत आणि एवढंच विचारलंत, "दोन्ही भाग कसे मोजलेस?" मी म्हणालो, "अंदाजाने." तुम्ही रागावला नाहीत. मला वाटलं, आता सगळं खरवडायला लावणार. तुम्ही दोन सिरिंज काढल्यात, चुकूनही अदलाबदल होऊ नये म्हणून एकीवर खूण केलीत, दोन्ही भाग सारख्या मापाने घेतलेत आणि बुडबुडे धरू नयेत म्हणून अगदी सावकाश ढवळलेत. मग त्या चिकट थरावरच नवा पातळ थर दिलात. "खालचाही बहुतेक धरेल. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी लेप कडक झाला होता.

रॉड वाचला, एवढ्यावर मी खूश होतो. तुम्ही मात्र मोडक्या ब्लँकचा एक तुकडा, एक कडी आणि बारीक दोऱ्याचं रीळ माझ्यापुढे ठेवलंत.

ती संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. कडीचा पाय, म्हणजे ब्लँकवर टेकणारी तिची पट्टी, दोऱ्याच्या वेढ्यांनी ब्लँकला बांधायचा. दोऱ्याचं टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखाली दाबायचं, उरलेला शेपटा कापायचा, मग ब्लँक फिरवत वेढ्याला वेढा भिडवत न्यायचा. शेवट यायच्या सात-आठ वेढे आधी वेगळ्या दोऱ्याचा फास ठेवायचा आणि शेवटचं टोक त्यातून ओवून वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. गाठ कुठेच नाही. दीड सेंटिमीटरच्या बांधणीत शंभराच्या आसपास वेढे बसतात. माझी पहिली बांधणी पूर्ण झाली, तुम्ही पाहिलीत, "छान" म्हणालात आणि पातं पुढे केलंत. "काप."

त्या एका शब्दाचा मला किती राग आला होता, हे आज कबूल करतो. कापायचं कुठे, तेही तुम्ही तेव्हाच दाखवलंत: पातं नेहमी कडीच्या धातूच्या पायावर चालवायचं, ब्लँकवर कधीच नाही. कार्बनच्या तंतूंवर एक बारीक चरा उमटला तरी पुढे मासा ओढताना रॉड तिथेच मोडू शकतो. सात वेळा बांधलं, सात वेळा कापलं. चौथ्या वेळेपर्यंत मी फक्त ते संपायची वाट पाहत होतो. नंतर कधीतरी दोऱ्याचा ताण बोटाला कळायला लागला. दोन वेढ्यांमध्ये फट पडणार हे ती पडायच्या आधीच जाणवू लागलं. सातवी बांधणी कापताना राग नव्हता. पुन्हा बांधता येते, हे तोवर हातांना ठाऊक झालं होतं. माझी सगळी घाई या एका भीतीतून यायची, की चुकलं तर गेलं. ती भीती तुम्ही काढलीत. खरे आभार त्याचेच आहेत.

त्यानंतर बाकीच्या गोष्टी आपोआप सावकाश होत गेल्या. कडीच्या पायाला कानस लावून त्याचं टोक उतरतं करायचं, म्हणजे दोरा ब्लँकवरून पायावर चढताना उडी मारत नाही. खालची कड गुळगुळीत करायची, म्हणजे ती ब्लँकला बोचत नाही. पूर्वी हे काम मला बांधणीच्या आधीचा अडथळा वाटायचं. आता एकेका पायावर पंधरा मिनिटं जातात आणि ती जाणवतही नाहीत. बुचाची मूठ आतून कोरताना दर थोड्या वेळाने ब्लँकवर सरकवून बघतो, कारण जास्त कोरलेलं बूच परत भरता येत नाही. कड्यांच्या जागा ठरवायला तुम्ही रॉड वाकवून, तंगूस ओवून बघायला लावलंत. वजन लटकवल्यावर तंगूस ब्लँकच्या वाकाबरोबर वळला पाहिजे. दोन कड्यांमध्ये तो सरळ ताणून कोपरा करत असेल, तर कडी सरकवायची. मी तीन संध्याकाळी फक्त कड्या सरकवत होतो. तुम्ही एकदाही "आता पुरे" म्हणाला नाहीत.

शेंड्याच्या कडीसाठी मी पक्का इपॉक्सी काढला तेव्हा मात्र तुम्ही थांबवलंत. तिथे गरम करून वितळणारा गोंद लावायचा. ती कडी कधीतरी झिजते, आपटते, बदलावी लागते. थोडी ऊब दिली की ती अलगद निघाली पाहिजे. पुढे ती काढणाऱ्या माणसाचा विचार बांधणाऱ्याने आजच करायचा, हे मला फार आवडलं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. दुसऱ्या रॉडचा लेप दिला, तो मोटरवर हळूहळू फिरत होता. तुम्ही बजावलं होतं: चोवीस तास हात लावायचा नाही, खोलीत झाडू फिरवायचा नाही. चार तासांनी मी खालून तिसऱ्या कडीवर बोट टेकवलं. माझ्या बोटाचा ठसा तिथे उमटला. कानशीने घासून वर दुसरा थर देता आला असता. कसा द्यायचा हेही तुम्ही शिकवलं होतं. मी तो तसाच ठेवला आहे. बाकी रॉड नीट झाला, कड्या एका रेषेत आहेत, आणि त्याच रॉडवर मी गेल्या मोसमात मासे धरले. दर वेळी तंगूस ओवताना अंगठा त्या ठशावरून जातो.

आता तिसरा रॉड घेतला आहे, तो तुमच्यासाठी. ब्लँक टेबलावर लोळवून, वाकवून त्याची ताठ बाजू शोधली आहे, आणि टोकाकडून एक डोळा मिटून तो कुठे सरळ दिसतो तेही पाहिलं आहे. कड्या बसवताना यांतली कोणती बाजू धरायची यावर बांधणाऱ्यांची दोन मतं आहेत, हे तुम्हीच सांगितलं होतंत. मी सरळ दिसणारी धरली. कड्यांचे पाय कानशीने उतरवून तयार आहेत. मूठ मात्र सुरू केलेली नाही. त्यासाठी तुमचं माप हवं: रॉडवरचं तंगुसाचं रीळ धरल्यासारखी हाताची मूठ करून, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. आणि अलीकडे मनगट दुखतं म्हणालात, म्हणून रॉडची मूठ थोडी जाड ठेवू का, तेही कळवा. माप येईपर्यंत बूच तसंच ठेवतो.

तुमचा विद्यार्थी