वर गुरुत्वाकर्षण नसेल, तर चंद्राला कोणी धरलंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात अंतराळ स्थानकातल्या दिनक्रमाविषयी वाचनीय मजकूर आला होता. त्यात ‘तेथे गुरुत्वाकर्षण शून्य असल्याने अंतराळवीर तरंगतात’ असे वाक्य होते. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले, तेव्हाही हेच वाक्य जागोजागी वाचले होते. मी याही वेळी सोडून दिले असते. पण संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहावीतल्या एका मुलीने ते कात्रण माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, ‘‘सर, चारशे किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत असेल, तर जवळजवळ चार लाख किलोमीटरवरच्या चंद्राला कोणी धरलंय?’’

प्रश्न बिनतोड आहे. गणित करून पाहिले, तर चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८८ टक्के भरते. तेवढा उंच मनोरा बांधून वर वजनकाटा ठेवला, तर खाली ६० किलो भरणारा माणूस तिथेही ५३ किलो भरेल, तरंगणार नाही. स्थानकातली माणसे तरंगतात, कारण स्थानक आणि ती एकत्रच खाली पडत असतात. दर सेकंदाला सुमारे सव्वाचार मीटर पडतात, पण तेवढ्यात साडेसात किलोमीटरांहून जास्त आडवीही जातात आणि पृथ्वी गोल असल्याने जमीनही तेवढीच खाली वळलेली असते. म्हणून पडणे संपत नाही.

एवढे सांगून मुलांना पटत नाही, पटूही नये. म्हणून पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली, तळाशी खिळ्याने भोक पाडले, पाणी भरले. धरून ठेवली की धार लागते. पहिल्या मजल्याच्या गच्चीतून सोडून दिली की धार थांबते, बाटली जमिनीवर आपटेपर्यंत. पाणी आणि बाटली बरोबरीने पडतात, मग पाणी बाहेर कशाला येईल? मुलांनी सात-आठ वेळा टाकायला लावली. खाली उभे राहून बघणारे दोघे भिजले, खालच्या बिऱ्हाडाची बोलणी मला खावी लागली. पण ती मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे चंद्रही पडतोच आहे!’’ तिला मी हे सांगितले नव्हते.

क्लासमध्ये हल्ली ‘डाउट’ विचारतात. डाउट म्हणजे गणित कुठे अडले ते. त्याला उत्तर एका सूत्रात मिळते आणि रांगेतला पुढचा मुलगा सरकतो. या मुलीचा प्रश्न डाउट नव्हे. असा प्रश्न वर्गात आला की ‘परीक्षेला नाही हे’ म्हणून आपण तो मिटवतो. मीही मिटवले आहेत, पोर्शन संपवायच्या घाईत.

त्यातला एक अजून आठवतो. न्यूटनचा तिसरा नियम चालू होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला: बैल गाडीला जेवढा ओढतो, तेवढीच गाडी बैलाला मागे ओढते, तर बेरीज शून्य झाली, मग गाडी हलते कशी? मी म्हणालो, ‘‘दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत.’’ बरोबरच, पण कोरडे. माझ्या खात्यावरची जमा तुझ्या खात्यावरच्या नावेने कशी मिटेल, एवढे म्हटले असते तरी चालले असते. पुढचे एका ऊसवाल्याच्या पोराने सांगितले. ‘‘सर, रानात चिखल असला की बैलाचे पाय घसरतात आणि उसाची गाडी जागची हलत नाही.’’ उत्तर त्यातच होते. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. तो रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला, की बैल पुढे निघतो आणि त्याच्यामागे गाडी. चिखलात खुराला धरच नाही, तर रेटा कुठून यायचा? वीस वर्षे मी फळ्यावर बाण काढत होतो, त्यात जमीन कधी काढलीच नव्हती.

डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत की, विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आपल्या रविवारच्या पुरवणीत भविष्याला पाऊण पान असते. त्यातली चार बोटे जागा मुलांच्या अशा एका प्रश्नाला द्यावी, ही विनंती. उत्तर जाणकाराकडून घ्यावे आणि त्याने मुलाला घरी करून बघता येईल असे काहीतरी सांगावे.

पहिला प्रश्न सोबत पाठवत आहे, सातवीतल्या मुलाचा आहे: ‘हमाल डोक्यावर पोतं घेऊन सपाट फलाटावर चालतो, तेव्हा त्याने पोत्यावर केलेलं कार्य शून्य, असं ताईच्या पुस्तकात आहे. मग त्याला घाम का येतो आणि पैसे कशाचे?’

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
करमाळा, जि. सोलापूर