खूण करण्याआधी हे वाचा

पुणे

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, भाऊंनी सुचवलेल्या त्या क्रिप्टो टोकनची, म्हणजे संगणकावरच्या आभासी नाण्याची, तुम्ही पाठवलेली पीडीएफ अथपासून इतिपर्यंत वाचली. सुरुवातीला नुसते नफ्याचे आलेख आहेत. कामाचं सगळं शेवटी, बारीक अक्षरांत. हे टोकन म्हणजे कंपनीतला हिस्सा नव्हे, कर्ज नव्हे, ठेवही नव्हे, असं त्यांनीच लिहिलंय. म्हणजे कंपनी बुडाली तर तुम्ही ना भागधारक, ना धनको. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. अटी मात्र ते न कळवता कधीही बदलू शकतात. आणि तक्रार करायची ती दूर कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांच्या कायद्याने, लवादापुढे! आपल्या सुपारीच्या कुळागराच्या वाटणीसाठी डिचोलीच्या कोर्टात तुम्ही घातलेले हेलपाटे मी पाहिलेत. तो दावा निदान आपल्या गावात होता.

शेजारचे भाऊ म्हणतात, सरकार क्रिप्टोवर कर घेतं म्हणजे मान्यता आहे. तसं नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांसाठी सेवा द्यायला बंदी घालणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द केलं, हे खरं. पण त्यामुळे आपल्या पैशाला कसलंच संरक्षण मिळालं नाही. बँकेतल्या ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे एक रुपयाचाही नाही. कर मात्र चोख: २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर विकताना एक टक्का टीडीएस. एका टोकनमध्ये तोटा झाला तर तो दुसऱ्याच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही.

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजवर सायबर हल्ला झाला, सुमारे दोन हजार कोटींचं क्रिप्टो गेलं. लोकांचं उरलेलं क्रिप्टोही वर्षाहून जास्त अडकून पडलं आणि पुढचा निवाडा सिंगापूरच्या कोर्टात झाला. ते तर भारतातलं नावाजलेलं एक्सचेंज होतं.

सुपारीचे पैसे तुमच्या घामाचे आहेत, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यातूनच करायचंय. ते बँकेतच ठेवा. ‘मी वाचलं, मला मान्य आहे’ या चौकोनात खूण करू नका, आधार-पॅनचे फोटोही पाठवू नका. पाठवले असतील तर आजच मला सांगा, मी अजिबात रागावणार नाही. भाऊंना नाही म्हणणं जड जात असेल तर खुशाल माझं नाव पुढे करा.

आई, तूही हे पत्र बाबांबरोबर वाच.

तुमची,
बाय