आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: झिंकची गोळी किती मिलिग्रॅमची आणि किती दिवसांची?

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

जुलाब झालेल्या मुलाला ओआरएससोबत झिंक द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 मध्ये मिळून केली. सहा महिन्यांखालील बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्याहून मोठ्या मुलाला 20, आणि तेही 10 ते 14 दिवस. घोडे अडते ते या दिवसांपाशी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबतात आणि घरचे लोक गोळीही थांबवतात. उरलेल्या गोळ्या कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. जुलाबावाटे गेलेले झिंक त्या भरून काढतात, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही कमी करतात. लोहाचा राखीव साठा यकृतात असतो, झिंकचा तसा नसतो. शरीरातले दोन-तीन ग्रॅम झिंक बहुतेक स्नायूंत आणि हाडांत गुंतलेले असते, गरज पडली म्हणून ते चटकन मोकळे होत नाही.

म्हणून पहिली मागणी: ओआरएसची पाकिटे आणि झिंकचा पूर्ण कोर्स एकाच खोक्यात, पहिल्याच भेटीत हाती पडावा. असे एकत्र पॅक जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2019 पासून आहे. खोक्यावर चित्रांतून कृती दाखवावी. गोळी चमच्यात ठेवा, त्यावर 5 मिली स्वच्छ पाणी किंवा आईचे दूध घाला, विरघळली की लगेच पाजा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा द्या. ती ओआरएसच्या लिटरभर पाण्यात टाकू नये, हेही लिहावेच लागेल. मूल सगळे लिटर पीत नाही, मग पोटात किती झिंक गेले याचा पत्ता लागत नाही.

दुसरी अडचण लेबलची. गोळीत झिंक सुटे नसते, झिंक सल्फेट या क्षाराच्या (संयुगाच्या) रूपात असते. 20 मिलिग्रॅम झिंक मिळण्यासाठी त्याचा कमी पाणी असलेला प्रकार, मोनोहायड्रेट, सुमारे 55 मिलिग्रॅम लागतो आणि जास्त पाणी असलेला हेप्टाहायड्रेट सुमारे 88. लेबलवर नुसते 'झिंक सल्फेट 20 मिलिग्रॅम' असेल तर मुलाला प्रत्यक्षात साडेचार ते सव्वासात मिलिग्रॅमच मिळत असतील. (आकडा मोठा दिसावा म्हणून क्षाराचे वजन ठळक छापण्याचा मोह उत्पादकांना होतोच.) खरेदीच्या निविदेत आणि लेबलवर मूलद्रव्य (म्हणजे निव्वळ) झिंकचे वजन आधी, क्षाराचे नाव नंतर, एवढा बदल एका परिपत्रकाने होऊ शकतो.

मुलांना झिंक पुरत नाही, तर प्रौढ 'प्रतिकारशक्ती' वाढावी म्हणून ते महिनोन् महिने घेत राहतात. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा अमेरिकेत 40 मिलिग्रॅम आहे, युरोपात 25. त्यापेक्षा जास्त झिंक सतत पोटात गेले की आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन वाढते. ते झिंकपेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरते. पेशी झडते तेव्हा हे तांबेही विष्ठेतून निघून जाते. विल्सनच्या आजारात, जिथे शरीरात तांबे साचते, तिथे हीच करामत उपचार म्हणून वापरतात. निरोगी माणसात मात्र रक्तक्षय होतो, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटतात, पाय बधिर होतात, चाल डळमळते. चित्र हुबेहूब बी12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेसारखे दिसते. बी12 देऊन उपयोग होत नाही, लोहाने हिमोग्लोबिन वाढत नाही, आणि 'रोज झिंक घेता का?' हे विचारायचे राहूनच जाते. झिंक थांबवून तांबे दिल्यावर रक्त सुधारते. मज्जारज्जूला झालेली इजा पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही. जास्त मात्रेच्या झिंकवर 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दीर्घकाळ घेऊ नये, तांब्याची कमतरता होते' हा इशारा सक्तीचा करावा.

पोषण सर्वेक्षणात रक्तातले झिंक मोजायचे असेल तर आधी नळ्यांची तजवीज करा. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही झिंक नमुन्यात उतरते. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) वेगळे करायला उशीर झाला किंवा तांबड्या पेशी फुटल्या, तर आतले झिंक बाहेर येते आणि आकडा फुगतो. उलट, ताप किंवा संसर्ग असेल तर तो खाली येतो, जेवणानंतरही उतरतो. सूक्ष्म धातूंसाठीच्या खास नळ्या, नमुन्याची आणि शेवटच्या खाण्याची वेळ, सोबत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी), एवढे नसेल तर त्या सर्वेक्षणावर खर्च न केलेला बरा.

शेवटी मुलांच्या रक्तातले शिसे. लोह कमी पडले की आतडे ते अधिक शोषू लागते, आणि त्याच वाटेने शिसेही जास्त आत येते. म्हणून रक्तक्षय असलेल्या मुलाला शिशाचा धोका अधिक. लोहाची कमतरता आणि शिसे, दोन्हींत झिंक प्रोटोपॉर्फिरीन (हिमोग्लोबिन बनताना लोहाऐवजी झिंक बसून तयार होणारे रसायन) वाढते, त्यामुळे त्यावरून निदान करू नये, रक्तातले शिसेच मोजावे. बोटाला टोचून नमुना घेताना हात आधी साबणाने धुवावेत, कारण त्वचेवरची धूळ आकडा वाढवते. निकाल जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करावी. प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले तर स्रोत शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे 2021 चे मार्गदर्शन सांगते. त्यासाठी घरी जाऊन रंग, भांडी आणि माती तपासणारे पथक लागते. लोहाच्या गोळ्या देऊन भिंतीवरचे शिसे कमी होत नाही. रंगातल्या शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा काटेकोरपणे पाळायला लावून, तपासणीचे निकाल उत्पादनाच्या नावासह जाहीर करावेत.

आपले नम्र,
बालरोग, औषधनिर्माण आणि जीवरसायनशास्त्रात काम करणारे आम्ही काही जण