दीपगृहाची हजेरी

प्रिय नावाड्या,

सात महिने तुला एक ओळही लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलो तोही तुझी खुशाली विचारण्यासाठी नव्हे, हे आधीच कबूल करतो. गेल्या रविवारी मी दीपगृहवाल्याला आपल्या बंदरावरच्या, म्हणजे इंटरनेटवर भूमिका घेऊन पोस्टींतून मिळून कथा लिहायच्या, खेळातून कमी केले. नियमाला धरून केले, तक्ता समोर ठेवून केले, आणि ते साफ चुकीचे होते हे मला बुधवारी कळले. घरात सांगावे तर कोणाला त्यातले काही उमगणार नाही. बंदरावरच्या मंडळींना सांगावे लागणारच आहे, पण त्याआधी ते तुला सांगणे मला भाग आहे, कारण हजेरीच्या ज्या नियमाने हे झाले त्याच नियमावरून चार वर्षांपूर्वी आपण दोघे तीन आठवडे एकमेकांशी बोललो नव्हतो.

माझी पाठ आता बरी आहे. खुर्ची बदलली, तेवढ्याने भागले.

माझी पद्धत तुला ठाऊकच आहे. दर महिन्याच्या 1 तारखेला प्रत्येक आयडीसमोरचा पोस्टींचा एकूण आकडा तक्त्यात उतरवून घ्यायचा, त्यातून मागच्या महिन्याचा वजा करायचा, आणि उरेल ती त्या महिन्याची हजेरी धरायची. हजेरी चारपेक्षा कमी भरली की नावाची चौकट पिवळी करायची. मग त्या सदस्याने सात दिवसांत हजेरीच्या धाग्यावर (एका विषयाखालच्या पोस्टींच्या मालिकेत) येऊन ‘हजर’ असे लिहायचे, आणि तेही झाले नाही तर खाते बंद आणि भूमिका मोकळी. दीपगृहवाल्याचा आकडा 412 वरून 414 वर गेलेला दिसत होता, म्हणजे महिन्याभरात दोनच पोस्टी. हजेरीच्या धाग्यावर तो फिरकला नाही. आठव्या दिवशी मी अकरा नावांपुढे खूण केली, त्यांच्या पोस्टी ठेवायच्या की पुसायच्या या प्रश्नाला ‘ठेवायच्या’ असे उत्तर दिले (वैद्यबाईच्या वेळी साथीच्या सबंध कथेला पडलेली भोके मी जन्मात विसरणार नाही), आणि बटण दाबले. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम झाले.

बुधवारी नकाशेवालीने विचारले, “दीपगृहवाल्याचे नाव करडे का दिसते? गेल्याच महिन्यात तर आम्ही वादळ संपवले.” मी संग्रह उघडला. वादळाचा धागा तिथे होता, कारण 28 तारखेला मीच तो पूर्ण झालेल्या कथांबरोबर तिथे हलवला होता. गप्पांच्या आणि शब्दखेळांच्या दालनांतली मोजणी बंद करावी हे तुझे म्हणणे होते आणि ते योग्यच होते. संग्रहातलीही मोजणी बंद करायची भर माझी होती, जुन्या कथांनी आकडे फुगू नयेत म्हणून. त्यामुळे धागा संग्रहात गेला की त्यातल्या सगळ्या पोस्टी लिहिणाऱ्याच्या एकूण आकड्यातून उतरतात. दीपगृहवाल्याने त्या महिन्यात नऊ पोस्टी लिहिल्या होत्या, 412 चे 421 झाले होते, आणि त्याच्या वादळातल्या सात पोस्टी मी हलवल्यामुळे 414 उरले होते. नकाशेवालीच्याही सात गेल्या, पण तिच्या बाजारातल्या बारीकसारीक पोस्टी इतक्या होत्या की ती सहज वाचली. चार वर्षे आपल्या बंदरावर कथा पूर्ण करणाऱ्याचे आकडे खाली येत होते आणि कथा अर्धवट लोंबकळत ठेवणाऱ्याचे शाबूत राहत होते, हे माझ्या एकदाही ध्यानात आले नाही.

पण मला झोप येईनाशी झाली आहे ती या वजाबाकीमुळे नाही. त्या धाग्यातली त्याची शेवटची पोस्ट मी बुधवारी पहिल्यांदा वाचली. वादळ ओसरले आहे. भिंगाच्या कड्यांवर मीठ बसले आहे आणि तो एकेक कडे ओल्या फडक्याने आतून बाहेर पुसत चालला आहे. वात कातरतो, तेलाचे माप घेतो, नोंदवहीत तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहितो, आणि दौतीतली शाई घट्ट झाली आहे म्हणून तिच्यात दोन थेंब पाणी घालून पुढची ओळ लिहितो. फ्रेनेलचे भिंग, म्हणजे दिव्याचा उजेड दूरवर फेकणारे हे कड्याकड्यांचे भिंग, पहिल्यांदा 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात बसवले गेले, हे आपल्याला त्याच्याकडूनच कळले होते, आणि आपल्या बंदराचा काळ त्याच्या अलीकडचा धरायचा की पलीकडचा यावर तुम्ही दोघे महिनाभर हमरीतुमरीवर आला होता. त्या पोस्टीच्या खाली रेघ आणि रेघेखाली बारीक अक्षरांत खेळाबाहेरची टीप होती: “घरी आजारपण आहे. पुढचे सहा आठवडे येणे होणार नाही. तोवर दिवा सांभाळा.” रजेची सूचना रजेच्या धाग्यावर द्यावी असा नियम आहे, हे खरे. पण जिथे त्याच्या माणसांचे लक्ष जाईल असे त्याला वाटले, तिथे त्याने ती दिली होती. आणि मी तो धागा उघडूनही न पाहता, शीर्षकावर ‘पूर्ण’ असा शिक्का मारून हलवला होता. पूर्वी आपण दोघे प्रत्येक ओळ वाचत होतो, नावाड्या. मी वाचणे केव्हा सोडले आणि नुसते मोजायला केव्हा लागलो, ते मला सांगता येत नाही.

आपले भांडण आज मला शब्दन्‌शब्द आठवते. मी म्हणालो होतो की टपालाने खेळायच्या डिप्लोमसी या पटावरच्या युद्धखेळाचे उदाहरण घे, जॉन बोर्डमनने 1963 मध्ये तो खेळ पत्रांतून चालवायला घेतला तेव्हापासूनची अडचण हीच आहे. सात सत्तांपैकी एकाच्या चाली मुदतीत आल्या नाहीत की त्याचे सैन्य जागच्या जागी थांबते, शेजारी त्याचा मुलूख गिळतात आणि उरलेल्या सहा जणांचा डाव विस्कटतो, म्हणून तर तिथे राखीव खेळाडू ठेवावे लागतात. गैरहजेरी हा एकट्याचा प्रश्न नसतो. यातले काहीही मी आजही मागे घेत नाही. माझ्यासमोर पाच महिने उत्तराची वाट पाहून निघून गेलेली नवी मंडळी आहेत आणि त्यांची मला आजही तितकीच काळजी वाटते.

तू त्यावर दोन गोष्टी सांगितल्या होत्यास. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल नोंदवलेले निरीक्षण, आणि पुढे 1997 मध्ये मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी विद्यापीठांच्या तपासण्यांबद्दल लिहिताना त्याला दिलेले सुटसुटीत रूप: मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून कामाचे राहत नाही. मी रागाने म्हणालो होतो की आपण बँक चालवत नाही. दुसरी गोष्ट पत्राने खेळायच्या बुद्धिबळाची होती. तिथे दहा चालींना पन्नास दिवस अशी मुदत देण्याची रीत आहे आणि वाचवलेले दिवस पुढे वापरता येतात, त्यामुळे एखाद्या चालीवर तीन आठवडे विचार करणारा माणूस आळशी ठरत नाही. ती गोष्ट मी धड ऐकूनही घेतली नव्हती.

नियम लागू झाल्यावर काय झाले ते तू अर्धेच पाहिलेस, कारण नंतर तुझे येणे कमी झाले. महिन्याच्या 27 तारखेपासून बंदर अचानक गजबजते. ‘तो हसला.’ ‘तिने मान वळवली.’ ‘तो अजून हसत होता.’ सराईवाल्याने एकदा पाहुण्यासाठी दार उघडायला पाच पोस्टी घेतल्या: एकीत पावलांचा आवाज, दुसरीत कंदील, तिसरीत कडी, चौथीत गंजलेल्या बिजागरीवर एक स्वगत आणि पाचवीत दार. आपण दोघे त्यावर रात्री दीड वाजेपर्यंत हसलो होतो आणि ‘दार उघडले का?’ हे आपले कित्येक दिवस परवलीचे वाक्य होते. त्याचा दोष मी त्याच्यावर टाकत नाही. त्याच्या तीन भूमिका, तीन वेगळे आयडी, म्हणजे महिन्याला बारा पोस्टींचा तगादा, आणि 500 पोस्टींना ‘तांडेल’ ही पदवी मीच लावून ठेवलेली. दीपगृहवाला मात्र महिन्यातून एकदा किंवा दोनदा येई, हजार हजार शब्द लिहून जाई, आणि नियम झाल्यापासून चार भरावेत म्हणून आपल्या लांब पोस्टी तोडून लिहू लागला होता. त्याच्या जुन्या आणि नव्या पोस्टी मी काल शेजारी ठेवून वाचल्या. तोडलेल्या जागा दिसतात.

बुधवारी रात्री मी तुझ्या सांगण्याप्रमाणे, म्हणजे चार वर्षे उशिराने, वेगळा तक्ता केला. किती लिहिले हा रकानाच ठेवला नाही. धागा कोणता, पाळी कोणाची, आणि किती दिवस अडून आहे, एवढेच. चालू धागे 23 निघाले. त्यांपैकी 14 धागे पाच जणांपाशी अडून होते, आणि ते पाचही जण महिन्याच्या हजेरीत वरच्या दहांत आहेत. नवनवे धागे उघडायचे, दोनतीन दिवस खूप लिहायचे, आणि समोरच्याला तसेच ताटकळत ठेवून पुढच्या धाग्यावर जायचे. ज्यांच्या चौकटी मी पिवळ्या करत आलो, त्यांच्यातले कित्येक जण दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसलेले निघाले. पाळी आपली नसताना त्यांनी लिहायचे तरी काय होते? दीपगृहवाल्याच्या नावावर एकही धागा अडलेला नव्हता. जाण्यापूर्वी त्याने सगळ्यांची सगळी देणी फेडली होती.

आणि त्या तक्त्यात माझ्या नावापुढे तीन धागे आले. त्यांतला सर्वांत जुना तुझा आहे. तुझा नावाडी कंदील हातात घेऊन माझ्या जकातनाक्याच्या फाटकाशी उभा आहे, त्याने मला एक सरळ प्रश्न विचारला आहे, आणि त्या प्रश्नाला सात महिने होऊन गेले. मी मात्र तेवढ्या काळात महिन्याला चाळीसच्या खाली कधी उतरलो नाही, कारण सूचना आणि हजेरीची आवाहने हीसुद्धा पोस्टी म्हणून मोजली जातात. तुझे येणे कमी झाले ते कामामुळे, असे मी धरून चाललो होतो. माझ्यामुळे तर नाही ना?

पुढचा गुंता आता सांगतो. भूमिका मोकळी झाल्याची सूचना आपोआप लागते. मंगळवारी एका नव्या मुलीने दीपगृहाची जागा मागितली, मी दिली, आणि त्याच रात्री तिने आपली पहिली पोस्ट लिहिली. नव्वदएक शब्दांची असेल. जिना चढताना ती पायऱ्या मोजते आणि मोजणी चुकते म्हणून खाली जाऊन पुन्हा मोजते. लिहिणे कच्चे आहे, पण तिची नजर चांगली आहे. तिच्या हातून ती जागा काढून घेणे मला शक्य नाही आणि तसे करणे न्यायाचेही होणार नाही.

त्याचे खाते मी बुधवारीच पुन्हा सुरू केले आणि सगळा प्रकार जसा घडला तसा त्याला कळवला. त्याचे उत्तर काल आले. आई अजून रुग्णालयात आहे. नव्या मुलीला दिवा राहू द्या, तिने पायऱ्या मोजल्या ते मला आवडले, एवढे लिहून त्याने माझ्या चुकीबद्दल एक शब्दही काढलेला नाही. तो रागावला असता तर मला सोपे गेले असते. परत येईन असे त्याने कुठेही म्हटलेले नाही.

म्हणून दोन गोष्टी मागतो. तू त्याला लिही. तुझे तो ऐकतो, आणि मी पुन्हा लिहिले तर त्याला ते नियमाच्या कामाचे पत्र वाटेल. माझ्या मनात असे आहे की त्याने जुना रखवालदार म्हणून दीपगृहाच्या खालच्या खोलीत राहावे आणि मुलीला वात कातरायला शिकवावे. पण ही कल्पना माझ्या तोंडून जाण्यापेक्षा तुमच्या दोघांच्या बोलण्यातून निघालेली बरी. दुसरी गोष्ट, सोबत नव्या नियमाचा मसुदा जोडला आहे, तो मन घट्ट करून तपास. पोस्टींची किमान संख्या काढून टाकली आहे. पाळी आल्यापासून एकवीस दिवस, वाचवलेले दिवस साठ दिवसांपर्यंत साठवता येतील, रजा कुठेही सांगितली तरी ग्राह्य, आणि कोणाचेही नाव कमी करण्यापूर्वी त्याची शेवटची पोस्ट दोघांनी वाचलेली असली पाहिजे. एकवीस दिवस कमी वाटतात की जास्त, हे मला ठरवता येईना. पदव्याही काढतो आहे. सराईवाला कुरकुरेल, त्याच्याशी मी बोलेन.

तुझे नवे घर लागले का? धाकटीची परीक्षा झाली असेल. वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांच्या हाताचे प्लास्टर निघाले का ते कळव.

फाटकाशी उभ्या असलेल्या नावाड्याला मी कालपासून उत्तर लिहितो आहे. पहिली ओळ चार वेळा खोडली. त्याने विचारले होते की नदीपलीकडून आणलेला माणूस माझ्या वहीत कोणत्या नावाने नोंदवायचा, आणि माझ्या भूमिकेतल्या जकात अधिकाऱ्याला ते खरोखर माहीत नाही, म्हणून तो फाटक उघडून नावाड्याला आत बोलावतो, वही त्याच्यापुढे सरकवतो आणि नाव त्यालाच लिहायला सांगतो. आज रात्री ते टाकतो. पाळी तुझी होईल, घाई नाही.

तुझा,
जकातवाला