बिअर कारखान्यातले यीस्ट फळमाशीसाठी वापरा

संपादक महोदय,

आंबा-पेरूच्या बागांत फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे नर माशीला ओढून घेणाऱ्या रसायनाचे, सापळे आता सर्रास दिसतात. पण त्यात अडकतात फक्त नर. फळाला भोक पाडून अंडी घालते ती मादी, आणि उरलेले थोडे नरही तिला पुरतात. तिला मात्र अंडी पोसायला प्रथिने लागतात. ती बिअर कारखान्यांच्या टाकाऊ यीस्टमध्ये भरपूर असतात. टोंगा आणि व्हिएतनाममध्ये या यीस्टपासून आमिष बनवले गेले आहे. आपल्याकडे वाळूजला इतके बिअर कारखाने असताना हे का होऊ नये?

यीस्टचा कच्चा गाळ तसाच फवारून उपयोग नाही. प्रथिने पेशींत कोंडलेली असतात, शिवाय मद्यार्कही असतो. आधी गाळ उकळून मद्यार्क उडवावा, मग ६५-७० अंशांवर आणून पपेन घालावे आणि सुमारे दिवसभर पचू द्यावे. पपेन म्हणजे पपईच्या चिकातले, प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम), तेही आपल्याच मातीतले. टिकाऊपणासाठी पोटॅशियम सॉर्बेट लागते, नाहीतर पिंप आंबून फुगते.

पाण्यात पातळ करून, शिफारस असलेले कीटकनाशक मिसळून, पानांच्या खालच्या बाजूला ठिपक्याने मारावे, फळावर नको. फळे पिकू लागण्याच्या बऱ्याच आधीपासून दर आठवड्याला. पावसाने धुतले तर पुन्हा. नुसत्या गुळाच्या पाण्याने हे साधत नाही, त्यात प्रथिने नगण्य. शेजारची बाग मोकळी राहिली तर माद्या तिथून येतातच, म्हणून गावाने मिळून करावे. कृषी विभागाने यीस्ट गोळा करण्याची सोय लावावी.

– एक फळबागायतदार