ग्लुकोमीटरच्या पडताळणीची नोंदवही सक्तीची करा

महोदय,

कोकणातील लहान नर्सिंग होममध्ये आणि वृद्धाश्रमांत इन्सुलिन किती द्यायचे हे बहुधा ग्लुकोमीटरवरील (रक्तातील साखर मोजणाऱ्या छोट्या यंत्रावरील) आकडा पाहूनच ठरते. तो आकडा विश्वासार्ह आहे की नाही हे नियमितपणे तपासण्याची पद्धत मात्र, रत्नागिरी जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करताना, मला क्वचितच आढळली.

चांगल्या मीटरलाही काही फरकाची मुभा असते. आयएसओ १५१९७:२०१३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर दर डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असताना ९५ टक्के नोंदी प्रयोगशाळेतील मोजणीच्या १५ मिलिग्रॅम मागेपुढे आणि त्याहून जास्त असताना १५ टक्के मागेपुढे चालतात. म्हणजेच मीटरवर ८० दिसत असताना खरी साखर ७० च्या खाली, धोक्याच्या पातळीत, असू शकते. त्यात आपल्या हलगर्जीपणाची भर पडली, तर दम्यासारखे आणखी आजार असलेल्या आणि स्वतःचा त्रास नीट सांगू न शकणाऱ्या वृद्धाच्या जिवावरच बेतते.

आपल्याकडील पावसाळा हा स्ट्रिपचा, म्हणजे रक्ताचा थेंब घेऊन मीटरमध्ये घालायच्या पट्टीचा, मोठा शत्रू आहे. स्ट्रिपवरील विकर (साखरेशी अभिक्रिया करणारे एन्झाइम) दमट हवेत निकामी होऊ लागते. म्हणूनच तिच्या डबीत ओलावा शोषणारा पदार्थ घातलेला असतो. तरीही जून ते सप्टेंबर या काळात डबी उघडी टाकणे, स्ट्रिप काढून ट्रेमध्ये मोकळ्या ठेवणे किंवा दोन डब्यांतील स्ट्रिप एकत्र करणे सर्रास चालते. फ्रिजमध्ये ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण बाहेर काढताच थंड डबीत दव धरते. डबी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपताच उरलेल्या स्ट्रिप, कितीही महाग असल्या तरी, टाकून द्याव्यात.

आंब्याच्या दिवसांत आणखी एक काळजी हवी. हापूस खाल्लेला हात पाण्याने न धुता बोट टोचले, तर त्वचेवरील रसामुळे साखर खोटी वाढलेली दिसते आणि रुग्णाला नको तितके इन्सुलिन दिले जाऊ शकते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नये. रक्तक्षय असलेल्यांतही अनेक मीटर साखर प्रत्यक्षाहून जास्त दाखवतात, हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे.

नवी डबी उघडल्यावर, मीटर पडल्यावर किंवा आकडा रुग्णाच्या लक्षणांशी जुळेनासा झाल्यावर स्ट्रिपवर कंट्रोल सोल्युशनचा (साखरेचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाचा) थेंब टाकून पाहावा व उत्तर डबीवर छापलेल्या मर्यादेत येते का, हे नोंदवहीत लिहावे. उत्तर त्या मर्यादेत नसेल, तर त्या मीटरवर इन्सुलिन ठरवू नये आणि रुग्णाचे रक्त फ्लोराइडच्या नळीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवावे; साध्या नळीत रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि तुलनाच फसते.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ अन्वये होणाऱ्या तपासणीत ही नोंदवही मागितली जावी आणि वृद्धाश्रमांनाही तोच नियम लागू करावा, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे. तोवर नातेवाइकांनी भेटीला गेल्यावर डबीवरची तारीख स्वतः पाहावी.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रत्नागिरी